मागच्या खोलीचा पाया

मागच्या खोलीचं दार लागेनासं झालं तेव्हा शिंप्याने दोष लाकडावर ढकलला. पाऊस लांबला होता, हवा दमट होती, लाकूड फुगणारच. त्याने दार बिजागऱ्यांतून काढलं, ओट्यावर आडवं टाकलं आणि शेजारच्या सुताराचा रंधा मागून आणून कड तासली. दार लागलं. पुढच्याच आठवड्यात पुन्हा अडलं. पुन्हा काढलं, पुन्हा तासलं. तिसऱ्यांदा तो रंधा आणायला निघाला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तासून तासून दाराची पट्टी व्हायची. जरा चौकटीकडे बघा की."

चौकट एका अंगाला कलली होती. तिच्या वरच्या कोपऱ्यातून एक भेग निघून तिरकी छताकडे गेली होती. शिंप्याने नखाने रंग खरवडला. मग बोटाचं पेर भेगेत घालून पाहिलं. ते सहज आत गेलं.

घराचा दुसरा पावसाळा अजून पुरता सरला नव्हता.

शिंप्याच्या बायकोला गावात लहानथोर सगळेच काकू म्हणत. नवऱ्याच्या तोंडूनही कधी चुकून काकू निघे आणि मग दिवसभर गिऱ्हाईकं हसत. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनी होत्या. एकीवर तो बसे, दुसरीवर ती. मागच्या दोन खोल्यांत संसार. लेक लग्न होऊन शहरात गेली होती. राहता राहिली दोघं, आणि हे नवं घर. आणि नवं घर बांधलं होतं काकूच्या पाठच्या, सख्ख्या भावाने.

हा भाऊ रांगत होता तेव्हा आई गेली. काकूचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली, की भाऊ माझ्याबरोबर येईल. नवरी उंबरा ओलांडून आत आली ती पोर कडेवर घेऊनच. आयाबाया तोंडावर हात ठेवून हसल्या, "काय गं बाई, आंदणात पोरगा आणलास होय!" शिंपी तेव्हा तरुण होता आणि लाजाळू होता. त्याने पुढे होऊन पोराला स्वतःच्या कडेवर घेतलं आणि आत नेलं. काकूला नवरा आवडला तो त्या क्षणी.

तेव्हाचं घर मातीचं होतं. वर कौलं, आत कोनाडे, जमीन सारवलेली. घरामागे एक मोठा खड्डा होता. घराच्या भिंती त्याच खड्ड्यातल्या मातीच्या, आणि दरवर्षी पाऊस उघडला की भिंतींची पडझड भरायला माती पुन्हा तिथूनच काढायची. काकू कोपरापर्यंत बाह्या वर सारून खड्ड्यात उतरायची, मातीत पाणी आणि भुसा टाकून ती पायांनी तुडवायची. भाऊ तिचा हात धरून तिच्याबरोबर तुडवायचा. पोटऱ्यांना गार गार चिखल लागायचा, बोटांच्या फटींतून वर यायचा. पोराला त्याचं इतकं वेड, की ओढून बाहेर काढावं लागे. तो खड्ड्याच्या काठावर बसून चिखलाची घरं करी. भिंती, दारं, जिने सुद्धा. ऊन लागलं की ती तडकत, मग तो पुन्हा नव्याने करी. काकू त्याला चिखल्या म्हणायची. पुढे तो गवंड्याच्या हाताखाली गेला, गवंडी झाला, मग स्वतः कामं घेऊ लागला. लोक त्याला ठेकेदार म्हणू लागले. घरात मात्र तो चिखल्याच राहिला.

नवं घर बांधायचा आग्रह त्याचाच. "ताई, किती वर्षं भिंतींना माती थापणार? कंबर बघ तुझी. मी असताना तू मातीच्या घरात राहतेस, मला चारचौघांत बोलायची सोय राहिली नाही." जुनं घर पाडलं त्या दिवशी काकू शेजारणीकडे जाऊन बसली होती. कौलं उतरवल्याचा आवाज कानांवर पडू नये म्हणून ती उगाच मोठमोठ्याने बोलत राहिली.

भेगेचं कळवल्यावर चिखल्या आला. नवी मोटारसायकल, खिशात दोन फोन. भेगेकडे त्याने उभ्याउभ्या पाहिलं. "ताई, हे काहीच नाही. नवं घर आहे, थोडं खाली बसतंच." संध्याकाळी माणूस पाठवून त्याने भेगेत सिमेंट भरलं आणि वरून रंग मारला. रंगाची छटा जुळली नाही. भिंतीवर ठिगळ दिसत होतं, आणि जी दोन माणसं जन्मभर ठिगळं लावून देतात, त्यांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

महिना उलटला नाही तोच ठिगळ मधोमध फाटलं. आता खोलीच्या कोपऱ्यात फरशीही खाली बसली. पाण्याची कळशी कलती राहू लागली. छत आणि भिंतीच्या सांध्यातून पाणी झिरपू लागलं. एका रात्रीत ते कपाटामागून आत शिरलं आणि तिथे टांगलेल्या, एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नाच्या पोशाखावर पिवळट ओघळ उमटले. काकूने तो पोशाख तीन वेळा धुतला, लिंबू चोळलं, उन्हात धरला. डाग हलला नाही. मुलीची आई न्यायला आली तेव्हा काकूने तो पोशाख तिच्यापुढे पसरला आणि मान खाली घालून उभी राहिली. मुलीची आई भली बाई होती, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "काकू, तुमच्याकडे दिला की मी डोळे मिटून निजायचे हो." ती गेल्यावर काकू मशिनीवर बसली, पण सुईत दोरा ओवायला तिला जमेना.

त्या दिवसापासून भाऊ फोन उचलेनासा झाला. उचललाच तर "उद्या येतो ताई," आणि उद्या काही उजाडेना. शिंपी एवढंच म्हणाला, "भाऊ तुझा आहे. तू जाऊन बोल."

काकू गेली. पलीकडच्या गावात त्याचं मोठं काम चालू होतं, दुमजली. वाळूचे ढीग, गरगर फिरणारं मिक्सर, लोखंडी सळ्यांचे भारे. ऊन मी म्हणत होतं. चिखल्या वरच्या मजल्यावर उभा राहून हातवारे करत होता. त्याने तिला पाहिलं, पण खाली उतरला नाही. खालच्या कामगाराने विचारलं, "कोण पाहिजे बाई?" काकू काही म्हणायच्या आत वरून आवाज आला, "बसव त्यांना. नात्यातल्या आहेत आमच्या."

नात्यातल्या. काकू सिमेंटच्या पोत्यावर बसली. मिक्सरची धूळ तिच्या केसांवर, पापण्यांवर बसत राहिली. बऱ्याच वेळाने तो खाली आला, हातात फोन होताच.

"ताई, कामाच्या जागी कशाला आलीस?"

"घरी येत नाहीस, फोन घेत नाहीस. भिंत फाटलीय रे. फरशी बसलीय."

"अगं जमीनच तसली आहे तिथली. त्याला मी काय करू? पाणी कुठे टाकता तुम्ही मागे? धुणं-भांडी तिथेच ना? मग पाणी मुरणारच."

"धुणं मी पुढच्या मोरीत धुते. तूच बांधलीस ती."

तो फोनकडे बघत म्हणाला, "बरं, बघतो. हे काम उरकू दे." आणि वर निघून गेला. काकू चालत परत आली. रस्त्यात एका झाडाखाली बसून तिने चेहऱ्यावरची धूळ पुसली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण त्याच्यासाठी डबा आणला होता आणि तो तसाच हातात आहे.

शिंप्याने वकिलाची गोष्ट काढली ती दुसऱ्या दिवशी, मशीन चालवता चालवता, वर न बघता. "माझ्या एका गिऱ्हाइकाची सून आहे वकील. बाजारगावात बसते. विचारून तरी येऊ."

"भावावर फिर्याद करू मी?"

"विचारायला जायचं म्हणतोय. विचारल्याने फिर्याद होत नाही."

"लोक काय म्हणतील?"

मशीन थांबली. "त्या भिंतीलगत तू निजतेस," तो म्हणाला. "रात्री मी जागा असतो. भिंतीतून कर्रकर्र आवाज येतो, तुला नाही ऐकू येत. लोकांचं मला नको सांगूस."

वकीलबाई वयाने त्यांच्या लेकीएवढीच होती. तिच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. तिने आधी पाणी दिलं, मग सगळं ऐकून घेतलं.

"करार केला होता का काही? लिहून?"

काकू ओशाळली. "भाऊ आहे माझा. त्याच्याशी कसला करार करायचा?"

"हे मला रोज ऐकावं लागतं काकू, त्यात लाजायचं काही नाही. करार तोंडी असला तरी करार असतो. त्याने काम केलं, तुम्ही त्याचा मोबदला दिला, बघणारी माणसं आहेत, फोनवर बोलणं झालंय. एवढं पुष्कळ आहे." तिने वही बाजूला सारली. "आता तुमच्यापुढचे रस्ते सांगते. घाई नको, नीट ऐका. पहिली गोष्ट, भेगेला आता हात लावायचा नाही. बुजवली तर पुरावाच बुजतो. भिंतीची भीती वाटत असेल तर आतून टेकू द्या, पण त्याआधी फोटो काढा. दुसरं, एका त्रयस्थ इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायची. दोष बांधकामाचा आहे की जमिनीचा की तुमचा, हे त्याने सांगायचं, आपण नाही. मग नोटीस. इतक्या मुदतीत दोष दुरुस्त करा किंवा भरपाई द्या, म्हणून."

"आणि त्याने नोटीस फाडून टाकली तर?" शिंप्याने विचारलं.

"तर ग्राहक म्हणून तक्रार करता येते. सेवा घेतली, सेवेत खोट निघाली. किंवा सरळ दिवाणी दावा. दाव्याला वेळ लागतो, वर्षं जातात, हे मी लपवणार नाही. आणि मधला एक रस्ता आहे, समेटाचा. दोघांना समोरासमोर बसवतात, तिसरा माणूस मध्यस्थी करतो. तिथे जे ठरतं ते नुसतं बोलणं राहत नाही, बंधन होतं. फक्त एक लक्षात ठेवा. या सगळ्याला मुदत असते. तो उद्या-उद्या म्हणत राहिला आणि तुम्ही वाट बघत राहिलात, तर मुदत निघून जाईल आणि मग मीही काही करू शकणार नाही."

काकू खिडकीतल्या टॉवेलकडे बघत होती. "त्याला तुरुंगात नाही ना टाकणार?"

"नाही हो," वकीलबाई हसली. "भिंत वाकडी बांधली म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. नाहीतर निम्मं जग आत असतं."

परतीच्या गाडीत शिंपी म्हणाला, "तुझं काय म्हणणं?" गावाचा फाटा आला तेव्हा काकू म्हणाली, "इंजिनिअर येऊन बघू दे. तो जमिनीचा दोष म्हणाला तर नोटीस नाही."

इंजिनिअर आला तेव्हा बरोबर दोन मजूर घेऊन आला. मागच्या भिंतीला लागून त्याने खणायला लावलं. काकू ओट्याच्या कडेला उभी होती. कुदळ पडत होती तसतशी माती ढिली, काळपट, तुकड्या-तुकड्यांची निघत होती. तीत विटांचे तुकडे आले, कौलांच्या खापऱ्या आल्या, कुजलेला भुसा आला. जुन्या घराच्या कौलाचा एक तुकडा मजुराने बाजूला फेकला. काकूने तो उचलून हातात धरला.

पाया संपला, पण खाली टणक जमीन लागली नाही. कुदळ आणखी खाली गेली तरी तीच भुसभुशीत भर. इंजिनिअर खड्ड्यात वाकून बघत होता. "इथे पूर्वी काही होतं का? विहीर वगैरे?"

"खड्डा होता," काकू म्हणाली. "मातीचा. आमचं जुनं घर त्यातूनच निघालं होतं."

"तो घर पाडल्याच्या राड्यारोड्याने भरला, आणि त्या भरीवरच पाया टाकला. पाया खालच्या पक्क्या जमिनीपर्यंत न्यायला हवा होता. भिंतीच्या बुडाशी सळ्यांचा पट्टा हवा होता, तोही दिसत नाही. पावसाचं पाणी गेलं, भर दबली, भिंत तिच्याबरोबर बसली." तो हात झटकत वर आला. "जमिनीचा दोष नाही बाई. जमीन खाली चांगली आहे. तिथपर्यंत कोणी गेलंच नाही."

काकूला पाया खणत होते ते दिवस आठवले. ती तेव्हा मजुरांना म्हणाली होती, इथे खड्डा होता रे, अजून खाली जावं लागेल. मजूर म्हणाले, ठेकेदारांनी एवढंच सांगितलंय. मग तिने भावाला फोन केला. तो हसला होता, "ताई, शिवणकाम तू मला शिकव, बांधकाम माझ्यावर सोड." आणि तिलाही बरं वाटलं होतं. चिखल्या मोठा झाला, आता तो आपल्याला गप्प करू शकतो, म्हणून.

नोटीस गेली.

नोटीस पोचली त्या संध्याकाळी फोन आला. काकूने उचलला. पलीकडे भाऊ होता. तो म्हणाला, "वकिलाकडून पाठवायची गरज नव्हती. तुम्ही सांगितलं असतं तर मी आलो असतो."

ती म्हणणार होती की सांगितलं होतं, पोत्यावर बसून सांगितलं होतं. पण तिला 'तुम्ही' एवढंच ऐकू आलं. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं, शेंबूड पुसला, जो तापात रात्ररात्र मांडीवर होता, तो जन्मात पहिल्यांदा तिला तुम्ही म्हणाला होता. फोन कधी बंद झाला तिला कळलं नाही. शिंप्याने तिच्या हातातून तो काढून घेतला.

गावात बोलणं सुरू झालं. पाणवठ्यावर काकू गेली की बायका गप्प होत. एकीने तोंडावर म्हटलं, "भावाला कोर्टात खेचलंत म्हणे?" काकू कळशी भरत राहिली. "भिंत तुमच्या अंगावर पडायची असती तर तुम्हीही खेचलं असतं," एवढंच ती म्हणाली, पण घरी येईपर्यंत अर्धं पाणी हिंदकळून सांडलं होतं.

त्या दिवसांत दोघं पुढच्या खोलीत, मशिनींच्या मधे निजत. मागच्या भिंतीला आतून वासे लावले होते. पडल्या पडल्या काकू जुन्या घराबद्दल बोलायची. त्या घरात खिळा ठोकला की भिंत कशी निमूट आत घ्यायची. उन्हाळ्यात पाठ टेकली की किती गार लागायचं. चिखल्या कोनाड्यात चढून बसायचा आणि मी नाहीच असं ओरडायचा. शिंपी हुंकार देत ऐकायचा. एकदा तो म्हणाला, "मला आठवतं, तू पायाने माती तुडवायचीस आणि गाणं म्हणायचीस. तो ताल चुकवायचा. मी कातर धरून नुसता ऐकत बसायचो." नवरा ऐकत होता हे तिला इतक्या वर्षांनी कळत होतं.

नोटिशीला त्याच्या वकिलाचं उत्तर आलं: दोष मालकांच्या वापराचा. तेव्हा वकीलबाईने तक्रार दाखल केली. तिथून दोन्ही पक्षांना समेटासाठी बोलावलं.

समेटाची खोली लहान होती. लांबट टेबल, भिंतीवर घड्याळ, पंखा कुरकुरत होता. मध्यस्थ म्हणून एक निवृत्त शिक्षक बसले होते. चिखल्या समोर बसला. इस्त्रीचा सदरा, शेजारी त्याचा वकील. तो काकूकडे बघत नव्हता. त्याचा वकील बोलू लागला. घराच्या मागे पाणी सोडलं जातं. घरमालकांनीच काम लवकर उरका म्हणून तगादा लावला होता. मातीच्या घरात राहायची सवय असलेल्यांना पक्क्या घराची निगा राखता येत नाही.

वकीलबाईने इंजिनिअरचा अहवाल पुढे सरकवला, फोटो मांडले. खड्ड्याचा, भरीचा, पाया जिथे संपला त्या जागेचा. त्याचा वकील म्हणाला, "तिथे खड्डा होता याची माझ्या अशिलाला कल्पना असण्याचं कारण नाही."

तेव्हा काकू बोलली. वकीलबाईने तिला थांबवायला हात पुढे केला, पण शिक्षकांनी बोलू द्या अशी खूण केली.

"त्याला कल्पना नाही?" काकू थेट भावाकडे बघून म्हणाली. "अरे, त्या खड्ड्यात तू लहानाचा मोठा झालास. माझा हात धरून चिखल तुडवलास. तिथून तुला काढायला मी काठी घेऊन यायचे. गावात कुणी तो खड्डा विसरेल, तू विसरशील?"

चिखल्याच्या कपाळावर घाम आला. त्याच्या वकिलाने त्याच्या कानाशी काही सांगितलं. त्याने मान हलवली, नको म्हणून.

"पाया खणला तेव्हा मी तिथे नव्हतो," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "दोन कामं एकदम घेतली होती. दुसरीकडे स्लॅब होता. माणसांना म्हटलं उरका. नंतर आलो तेव्हा पाया भरून झाला होता. मला कळलं होतं. ताईने फोन केला तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं, पण मागच्या खोल्या खड्ड्यावर आल्यात, हे मला त्याच दिवशी कळलं होतं." तो थांबला. "उकरून पुन्हा करायला पाहिजे होतं. मला वाटलं, धरेल. आपलं घर आहे, बाहेरच्याचं आधी उरकू."

त्याच्या वकिलाने पेन टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकला.

काकूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते भावाची कीव आली म्हणून नव्हतं. आपलं घर. आपलं म्हणून त्याने ते मागे ठेवलं होतं, आणि आपला म्हणून तिने त्याला विचारलं नव्हतं.

"तुम्हाला काय हवं आहे बाई?" शिक्षकांनी विचारलं. "भरपाई घेऊन दुसऱ्याकडून करून घेता येईल."

शिंपी पटकन म्हणाला, "दुसऱ्याकडूनच." वकीलबाईनेही मान डोलावली.

काकूने पाया संपला त्या जागेचा फोटो जवळ ओढला. "हाच करेल," ती म्हणाली. "पण माणसं पाठवून नाही. इंजिनिअर वर उभा राहील आणि हा स्वतः खाली उतरेल. पक्की जमीन लागेपर्यंत."

तसं ठरलं. मागच्या दोन्ही खोल्या पाडून पक्क्या जमिनीपासून नव्याने उभ्या करायच्या. खर्च ठेकेदाराचा. प्रत्येक टप्पा इंजिनिअरने तपासल्याशिवाय पुढचं काम नाही. आणि काम झाल्यावर पुढची तीन वर्षं, दर पावसाळ्यानंतर, ठेकेदाराने स्वतः येऊन घर तपासायचं. दोष निघाला तर पदरचं घालून दुरुस्त करायचा. ही शेवटची ओळ वकीलबाईने घातली होती. दोघांनी सह्या केल्या. बाहेर पडताना जिन्यात भाऊ-बहीण एकमेकांच्या मागेपुढे उतरले आणि आपापल्या वाटेने गेले.

काम हिवाळ्यात सुरू झालं. चिखल्याने मोटारसायकल कुंपणापाशी लावली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चरात उतरला. बऱ्याच वर्षांत त्याने स्वतः कुदळ धरली नव्हती. पहिल्या दिवशीच तळहाताला फोड आले. दुपारी ते फुटले, तेव्हा त्याने फडकं गुंडाळलं आणि खणत राहिला. काकू पुढच्या खोलीत मशीन चालवत होती. कुदळीचा आवाज, मग माती फेकल्याचा. तो थांबला की तिचेही पाय थांबत.

जेवायची सुट्टी झाली की तो मजुरांबरोबर कुंपणाबाहेर बसून खाई. काकूने एकदा ताट वाढून ओट्यावर ठेवलं. तो म्हणाला, "नको, डबा आणलाय." ताट तसंच राहिलं. शिंप्याने ते उचलून आत नेलं, आणि त्या दिवशी तोही नीट जेवला नाही.

भर काढता काढता एका दिवशी खाली पिवळसर, घट्ट जमीन लागली. कुदळ ठणकन वाजली. इंजिनिअर उतरला, पहारेने ठोकून बघितलं, म्हणाला, "हं. ही आहे." चिखल्या छातीएवढ्या खोल चरात उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत मातीने माखलेला, पापण्यांवर सुद्धा माती. काकू वर काठाशी येऊन उभी होती. त्याने वर पाहिलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. काकूला वाटलं, आता हा हात वर करेल आणि मला काढ म्हणेल. पण त्याने शिडी लावली आणि स्वतःच वर आला.

उन्हाळा लागायच्या आत खोल्या उभ्या राहिल्या. भिंती सरळ, दार बोटाने ढकललं तरी लागे. चिखल्याने शेवटची सही केली, हत्यारं गाडीत टाकली आणि "येतो" म्हणून गेला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर तो इंजिनिअरबरोबर आला. भिंती ठोकल्या, छताचे सांधे बघितले, कागदावर सही केली, गेला. चहासुद्धा घेतला नाही. दुसऱ्या वर्षी चहा घेतला, पण उभ्यानेच. काकूने विचारलं, "पोरं कशी आहेत?" तो म्हणाला, "बरी आहेत." कप धुऊन त्याने ओट्यावर उपडा ठेवला.

आता पाऊस उघडला की काकू भिंतींवरून हात फिरवायची. कोपरे बघायची, दाराच्या चौकटीला डोळा लावायची. भेग सापडू नये म्हणून बघतोय की सापडावी म्हणून, तिचं तिलाच कळत नसे. शिंप्याने एकदा तिला तसं करताना पाहिलं. त्यानंतर पुष्कळ दिवस तो तिच्याशी हळू आवाजात बोलत होता.

तिसऱ्या वर्षी चिखल्या एकटाच आला. इंजिनिअर सकाळीच बघून गेला होता. त्याने सगळं बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. पावसाचं पाणी छपराच्या कडेला अडतंय का हे बघायला तो मागून शिडी लावून चढला. उतरताना कडेच्या पत्र्यात बाही अडकली आणि खांद्यापासून कोपरापर्यंत टरकन फाटली. तो पुढच्या खोलीत आला तेव्हा एका हाताने फाटका सदरा धरून उभा होता.

"ठीक आहे सगळं," तो म्हणाला. "कुठे काही नाही. मुदत संपली आता. पुढच्या वर्षीपासून यायची गरज नाही."

"हो," काकू म्हणाली.

शिंपी मशीनवर होता. समेटाच्या दिवसापासून तो मेहुण्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं, चष्मा कपाळावर सारला आणि हात पुढे केला.

"काढ तो सदरा."

"राहू दे दाजी. घरी शिवून घेईन."

"फाटकी बाही लोंबवत गाडीवर जाणार? शिंप्याच्या दारातून? माझी काय शोभा होईल? काढ."

चिखल्याने सदरा काढून दिला. आत भोकं पडलेला बनियन होता. तो खुर्चीच्या कडेला टेकला, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घालून. त्याचे केस कानाशी पांढरे झाले होते, काकूने ते पहिल्यांदाच पाहिलं. मशीन खडखडत चालू झाली. शिंप्याने बाहीला शिवण मारली, दोरा दातांनी तोडला, मग सदरा उलटा करून म्हणाला, "बगलेतही उसवलाय. कोण शिवतं रे तुझे कपडे? हात सुधार म्हणावं त्याला." आणि पुन्हा मशीन सुरू केलं, सावकाश, जरुरीपेक्षा जास्त सावकाश.

चिखल्याने मान वर करून खोलीत पाहिलं. "ताई," तो म्हणाला, "भूक लागलीय गं. काही आहे का?"

"थांब," काकू म्हणाली, आणि मागच्या खोलीत ताट घ्यायला गेली.